बावीस महिन्यांचा मुलगा आणि चौदा शब्द : वाट पाहावी की तपासणी करून घ्यावी?

प्रश्न
पालवी :

नमस्कार. माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. गेले तीन दिवस मी तो बोलतो ते शब्द वहीत लिहून ठेवत आहे आणि आतापर्यंत चौदा झाले आहेत. ‘आई’, ‘बाबा’, ‘नको’, ‘दे’, ‘टाटा’, ‘भूभू’, ‘चिऊ’, ‘काऊ’ हे त्यांतले ठळक. पाण्याला तो ‘पा’ म्हणतो आणि गाडीला ‘दादी’. हे दोन धरूनच चौदा होतात, पण ते धरावेत की नाही याबद्दल माझ्या मनात शंका आहे. दोन शब्द जोडून तो अजून एकदाही बोललेला नाही. समज मात्र चांगली वाटते. ‘बूट आण आणि बाबांना दे’ असे म्हटले की तो बूट शोधतो आणि बाबांच्याच हातात नेऊन देतो. काही नवीन दिसले की बोट दाखवतो आणि मी पाहिले की नाही, हे वळून बघतो.

घरात दोन भाषा आहेत. मी त्याच्याशी मराठीत बोलते आणि माझे पती त्यांच्या मातृभाषेत. एक परिचित बाई म्हणाल्या की मुलाचा गोंधळ होत असेल, एक भाषा बंद करा. दुसऱ्या कोणी सांगितले की जीभ जड असेल, जिभेखालचा पडदा कापून घ्या. सासूबाईंचे म्हणणे असे की मुलगे मुलींपेक्षा उशिराच बोलतात, तिसरे वर्ष लागेपर्यंत काळजी करू नये. आम्ही सध्या शब्द वाढावेत म्हणून मोबाइलवर बालगीते लावून देतो.

मी जे तक्ते वाचले, ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकात दीड वर्षाला पन्नास शब्द लिहिले आहेत, तर दुसऱ्यात अडीच वर्षाला पन्नास. यांतले खरे कोणते मानायचे, आणि मुळात भाषा कोणत्या क्रमाने येते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर १
ध्वनी :

पालवीताई, मी वाचा आणि भाषा उपचाराचे काम करते. आपण केलेली नोंद इतकी नेमकी आहे की बरेच काही तिच्यावरूनच सांगता येईल. तरी मूल प्रत्यक्ष न पाहता दिलेले हे उत्तर आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आधी तक्त्यांविषयी. दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. दीड वर्षाला पन्नास शब्द ही सरासरीच्या जवळची गोष्ट आहे, म्हणजे अनेक निरोगी मुले तिच्या मागे असतात आणि अनेक पुढे. अडीच वर्षाला पन्नास शब्द हा आकडा अमेरिकेतील सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये बदललेल्या यादीतला आहे, आणि त्या यादीचा निकषच असा आहे की त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जे जमते तेच लिहायचे. आमच्या व्यवसायातील अनेकांनी या बदलावर टीका केली, कारण अशी सैल रेषा पाहून पालक जास्तच थांबतील अशी त्यांना भीती वाटली. मलाही ती वाटते. त्याच यादीत दोन शब्द जोडणे मात्र दोन वर्षांवरच ठेवले आहे. आपल्या मुलाला त्यासाठी अजून दोन महिने आहेत.

आता क्रम. भाषा पहिल्या शब्दापासून सुरू होते असे आपण मानतो, पण त्या शब्दापूर्वी जवळजवळ एक वर्षाचे काम झालेले असते. गर्भातच ऐकू येऊ लागते आणि जन्मलेले बाळ आईचा आवाज इतरांच्या आवाजातून वेगळा ओळखते. दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर ते रडण्याखेरीज वेगळे, मऊ, स्वरांचे आवाज काढू लागते. आपण बोललो की ते थांबते, आपण थांबलो की ते हुंकार देते. हा जो आळीपाळीने बोलण्याचा खेळ आहे, तो मला साऱ्या पुढच्या बोलण्याचा पाया वाटतो, कारण संभाषण म्हणजे काय हे बाळाला एकही शब्द येण्याच्या कितीतरी आधी त्यातूनच कळते. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशी व्यंजनांची माळ सुरू होते. तिला अजून अर्थ नसतो. मात्र ऐकू न येणाऱ्या बाळांत ही माळ बरीच उशिरा येते, म्हणून दहा महिने उलटूनही ती ऐकू आली नाही तर आम्ही कानांकडे आधी पाहतो. ज्या कर्णबधिर बाळांच्या घरात खुणांची भाषा वापरली जाते, ती बाळे याच वयात हातांनी अशी बडबड करतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाने दाखवून दिले. भाषेची ओढ तोंडातच अडकलेली नसते, हे मला त्यातून फार लख्ख दिसते.

वर्षाच्या आसपास बोट दाखवणे येते, आणि पहिला शब्द साधारण दहा ते पंधरा महिन्यांत. या वेळी बोलता येणारे शब्द दोन-चार असले, तरी कळणारे शब्द कितीतरी अधिक असतात. समज पुढे आणि बोलणे मागे, हे अंतर पुढची काही वर्षे राहते. दीड वर्षानंतर अनेक मुलांचा वेग एकदम वाढतो, आणि दोन वर्षांच्या सुमारास ‘बाबा गेला’, ‘अजून दे’ असे जोड दिसू लागतात. या वयात मुलामुलांतला फरक प्रचंड असतो. आईवडिलांकडून शब्दांच्या याद्या भरून घेतल्या, तर दोन वर्षांच्या काही मुलांना शंभरही शब्द येत नसतात आणि काहींना पाचशेच्या आसपास येत असतात. तीन वर्षांची मुले छोटी वाक्ये बोलतात, चार-पाच वर्षांची मुले घडलेली गोष्ट क्रमाने सांगू शकतात.

‘पा’ आणि ‘दादी’ दोन्ही अवश्य मोजा. एकच आवाज, एकाच वस्तूसाठी, दर वेळी आणि आपणहून वापरला जात असेल, तर तो शब्द आहे. उच्चार मोठ्यांसारखा असण्याची अट नाही. ‘गाडी’ची ‘दादी’ होते, कारण घशाजवळचा ‘ग’ आणि टाळूचा ‘ड’ हे दोन्ही तो दातांजवळ ओढून घेतो. प, ब, म, त, द, न हे वर्ण आधी स्थिरावतात, क आणि ग मागून येतात, आणि ‘र’ व ‘ळ’ साठी चार-पाच वर्षांपर्यंत थांबावे लागले तरी त्यात वावगे नाही. परक्या माणसाला मुलाचे बोलणे दोन वर्षांत निम्मे, तीन वर्षांत पाऊण आणि चार वर्षांत जवळजवळ सगळे कळावे, असा आमचा ढोबळ हिशेब असतो.

दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. एकेका भाषेतले शब्द मोजले तर ते कमी भरतात, पण दोन्हींची बेरीज एकभाषी मुलांच्या तोडीची असते. त्यामुळे वडिलांच्या भाषेतले शब्द वहीत घेतले नसतील, तर ते आजच घ्या. आणि कृपा करून कोणतीही भाषा बंद करू नका. वडील ज्या भाषेत सहज बोलतात, हसतात, रागावतात, ती काढून घेतली तर मुलाच्या वाट्याला येणारे बोलणेच आटेल. जिभेखालच्या पडद्याचेही तसेच. तो आखूड असेल तर फार तर काही वर्णांचा उच्चार अडतो. शब्द शिकणे, समजणे किंवा जोडणे त्यामुळे लांबत नाही.

राहिला वाट पाहण्याचा प्रश्न. आपला मुलगा दोन टप्प्यांची सूचना पाळतो, बोट दाखवतो, वळून आपल्याकडे पाहतो, या तिन्ही गोष्टी फार मोलाच्या आहेत. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून केलेला दोन शब्दांचा जोड नसणे, आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे होणे, या खुणा दिसल्या की आम्ही एक दिवसही दवडू नये असे सांगतो. आपल्याकडे आज यांतले काहीच नाही. तरीही चौदा शब्द हे २२ महिन्यांना कमीच आहेत, आणि एक तपासणी मी आत्ताच करून घ्यायला सांगेन, ती म्हणजे कानांची.

उत्तर २
तीन मुलांची आई :

माझी तिन्ही मुले आता मोठी आहेत. थोरली अकराव्या महिन्यात बोलू लागली. मधला अडीच वर्षांचा होईपर्यंत जेमतेम वीस शब्द बोलत होता, आणि नंतर दोन-तीन महिन्यांत असा काही सुटला की घरातल्या कोणालाही मध्ये तोंड उघडू देईना. आज त्याच्या बोलण्यात काहीही उणे नाही. म्हणून सांगते, पालवी, वहीतल्या आकड्यांनी मुलाबरोबरचे हे दिवस झाकोळून जाऊ देऊ नकोस. मी त्या वर्षभरात त्याच्याशी जे काही बोलले, त्यातले निम्मे त्याची परीक्षा घेण्यासाठी होते, ‘हे काय? म्हण पाहू!’ अशा थाटाचे. तो तोंड फिरवायचा. त्याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर ३
ध्वनी :

काकू, तुमच्या मधल्या मुलासारखी मुले पुष्कळ असतात. दोन वर्षांना मागे असलेली, पण समज आणि हातवारे चांगले असलेली निम्मी किंवा त्याहूनही अधिक मुले पुढे इतरांना गाठतात, त्यामुळे तुमचा अनुभव अपवाद नाही. अडचण एवढीच की गाठणारे मूल कोणते आणि मागे राहणारे कोणते, हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने ओळखता येत नाही. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे मागे असतात हेही खरे, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा आहे, वर्षाचा नाही. ‘म्हण पाहू’विषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते मात्र मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला वाचून दाखवीन.

उत्तर ४
ओसरी :

कानांच्या तपासणीबद्दल मला माझ्या घरचा अनुभव सांगायचा आहे, कारण आमचे दहा महिने त्यात वाया गेले.

माझ्या मुलीची जन्मानंतरची श्रवणचाचणी उत्तम आली होती. ती दीड वर्षाची असताना शब्द वाढेनासे झाले, तेव्हा आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी तो जुना कागद पाहिला आणि कानांचा प्रश्नच नाही असे सांगून आम्हाला परत पाठवले. आम्हीही तो कागद प्रमाण मानला. पुढे दुसरीकडे तपासले, तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साचलेले निघाले. सर्दी झाली की नाकापासून कानापर्यंत जाणारी नळी सुजते, लहान मुलांत ती नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे निचरा नीट होत नाही, आणि पाणी आत राहते. वेदना नसते, ताप नसतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मूल बहिरेही होत नाही. हाक मारली तर वळते, मोठा आवाज झाला तर दचकते. फक्त बोलणे त्याला कानांत बोटे घातल्यासारखे दबलेले ऐकू येते, आणि शब्दांच्या कडेचे बारीक आवाज हरवतात. शिवाय हे पाणी येते आणि जाते, त्यामुळे एका आठवड्यात मूल नीट ऐकते आणि दुसऱ्या आठवड्यात ऐकत नाही. आम्ही त्याला हट्ट समजलो.

जन्माच्या वेळची चाचणी फक्त त्या वेळचे सांगते. पालवीताई, मुलाला सर्दी वरचेवर होते का? दुसऱ्या खोलीतून, त्याची पाठ असताना, हळू आवाजात हाक मारली तर तो वळतो का?

उत्तर ५
अनुस्वार :

मी भाषेचा अभ्यासक आहे, उपचारक नाही, म्हणून कानांविषयी मी काही बोलणार नाही. पण मोबाइलवरील बालगीतांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

बाळाचे ऐकणे किती लवकर घडत जाते, याचा सर्वांत बोलका प्रयोग ‘त’ आणि ‘ट’ या आपल्या जवळच्या वर्णांवरच झाला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवला. इंग्रजीत हा भेद शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि त्यांच्या आईवडिलांना तो ऐकूही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ऐकू आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी अगदी थोड्यांनाच आला. म्हणजे पहिला शब्द बोलण्याआधीच बाळाने आपल्या भाषेला लागणारे भेद जपले होते आणि न लागणारे सोडून दिले होते.

मग प्रश्न असा पडतो की हे भेद रेकॉर्डवरून जपता येतात का. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्याशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली आणि वाचत गेली, ती बाळे चिनीतला भेद ओळखू लागली. ज्यांना तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले, त्यांच्या पदरी काहीही पडले नाही. आवाज तोच, वेळ तेवढाच. पडदा बाळाच्या नजरेकडे पाहून थांबत नाही, आणि त्याने बोट दाखवलेल्या वस्तूचे नाव घेत नाही, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये असे सांगितले. एक वर्षाच्या मुलांसाठीही तसे बसणे टाळायला सांगितले, आणि दोन वर्षे झाल्यावरही दिवसाला तासाच्या आतच. तेव्हा ती बालगीते ताईंनी स्वतः गावीत. सूर नीट लागला नाही तरी चालेल.

आणखी एक, जे वर्षभराने उपयोगी पडेल. मुलगा वाक्ये बोलू लागला की काही चुका करील, आणि त्यांनी कृपया घाबरू नये. माझा मुलगा आधी ‘केलं’ असे अगदी बरोबर म्हणत असे, आणि तीन वर्षांचा झाल्यावर ‘करलं’ म्हणू लागला. घरच्यांना वाटले की तो मागे गेला. प्रत्यक्षात ‘केलं’ हे त्याने ऐकून उचललेले होते, तर ‘करलं’ हे त्याने ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून स्वतः शोधलेल्या नियमाचे फळ होते. असे रूप त्याला कोणीही शिकवलेले नव्हते. तसेच दिवसभर आईचे बोलणे ऐकणारा मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाते’ असे म्हणतो, कारण ‘मी’ म्हणणारे जे माणूस तो सर्वांत जास्त ऐकतो, ते तसेच बोलते. त्याला हसू नये आणि थांबवूही नये. ‘हो, तू जातोस? चल, मीही येते’ एवढे म्हटले की पुरे, कारण त्याला लागणारे रूप त्या उत्तरातच असते.

पालवी :

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ओसरी यांचे दोन प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले. सर्दी त्याला गेल्या पाच महिन्यांत चार वेळा झाली, आणि ती मी मूळ प्रश्नात लिहिलीही नाही, कारण तिचा बोलण्याशी संबंध असेल हे माझ्या ध्यानातच आले नाही. पाठीमागून हळू हाक मारून पाहिली. पाच वेळांपैकी दोनदा वळला.

वडिलांच्या भाषेतले सहा शब्द निघाले. म्हणजे वीस.

पालवी (तीन आठवड्यांनंतर) :

कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यांची हालचाल अगदी मंद आहे आणि मागे पाणी असल्याचे सांगितले. ऐकू येणे सौम्य प्रमाणात कमी आहे. असे पाणी बहुधा आपणहून ओसरते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासू आणि तोवर औषध नको, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही आता त्याच्यासमोर खाली बसून, तोंड दिसेल असे आणि थोडे सावकाश बोलतो. मोबाइल बंद केला आहे. ‘म्हण पाहू’ हे माझ्याही तोंडी किती वेळा येते, हे काकूंचे वाचल्यावरच मला कळले.

काल त्याचे बाबा बाहेर पडताना तो ‘बाबा टाटा’ म्हणाला. हा दोन शब्दांचा जोड धरायचा, की आम्ही रोज म्हणतो तेच त्याने एका शब्दासारखे उचलले आहे?

ध्वनी :

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर या एका उदाहरणावरून देता येणार नाही. मूल कधीकधी ‘बाबा टाटा’ हा एकच लांब शब्द म्हणून शिकते, जशी मोठी माणसेही एखादी शब्दजोडी न फोडता वापरतात. जोड खरा असेल तर त्याचे तुकडे सुटे होतील आणि दुसरीकडे लागतील. चिमणी उडून गेल्यावर तो ‘चिऊ टाटा’ म्हणतो का, किंवा बाबा परत आल्यावर ‘बाबा दे’ असे काही म्हणतो का, यावर लक्ष ठेवा. जे आपण घरात कधीही म्हटलेले नाही असे एखादे त्याच्या तोंडून आले, तर तो जोड निःसंशय त्याचा स्वतःचा. ते वहीत तारखेसह लिहा.

आपण मात्र त्याला तसे म्हणायला लावू नका. तो ‘दादी’ म्हणाला, तर आपण ‘हो, मोठी गाडी’ किंवा ‘गाडी गेली’ असे त्याच्या शब्दात एकच शब्द मिळवून परत द्या, आणि मग मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. ही पाच अंकांची शांतता पालकांना फार जड जाते, पण कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आपली पाळी आली आहे हे उमगायला तेवढा वेळ लागतो.

तीन महिन्यांनंतरची कानांची तपासणी त्याचे शब्द मधल्या काळात कितीही वाढले तरी चुकवू नका, आणि दोन वर्षे पूर्ण होताच, पाणी ओसरलेले असो वा नसो, भाषेची एक रीतसर तपासणीही करून घ्या. जाताना ही वही सोबत न्या. तपासणीच्या अर्ध्या तासात अनोळखी खोलीत तो कदाचित तोंडही उघडणार नाही.